लेकीला घेऊन पुण्याला परत जाऊ का?

म्युनिकहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"ताई, नवऱ्याला कंपनीनं दोन वर्षांसाठी इथं पाठवलंय. सप्टेंबरात आम्ही आलो. मी पुण्यातली नोकरी सोडली. मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. चिंचवडच्या घरी ती आजी-आबा, काका-काकू आणि चुलतभावात वाढली. इथं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघीच. नवऱ्याचा पुण्याच्या टीमबरोबर पहिला कॉल सकाळी सहाला सुरू होतो आणि तो घरी येतो साडेसात-आठला.

गेल्या महिन्याच्या शेवटी तिला एका खासगी किटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळाली. तिसरा आठवडा चालू आहे. मी दाराबाहेर गेले की ती इतकी रडते की तिथल्या बाई मला परत बोलावतात. किटात ती तोंडातून शब्द काढत नाही. घरी आली की मला चिकटून बसते. उन्हाळ्यात सुटलेलं चड्डीत शू करणं पुन्हा सुरू झालंय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, 'एवढ्याशा पोरीला पाळणाघरात कशाला टाकलंस? तू तर घरीच असतेस.' जाऊबाईंचा मुलगा तिच्याच वयाचा, तो नर्सरीत एबीसीडी म्हणतो. नवरा म्हणतो, तिचा भाषांचा गोंधळ होतोय, आपण घरी इंग्रजीच बोलू. त्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी आवाजाबद्दल चिठ्ठी टाकली. साडेचारला अंधार पडतो आणि मला रडू येतं. शेवटी दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे. लेकीला घेऊन मी परत जाऊ का? नवरा इथलं काम संपवून येईल."

प्रिय मैत्रिणी,

वयानं मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते.

तू सरळ विचारलंस, तर मीही सरळच सांगते: आत्ता जाऊ नकोस. निदान उन्हाळ्यापर्यंत नको. त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे. 'दोनच वर्षांचा प्रश्न' असं तू लिहिलंयस. तुला-मला दोन वर्षं म्हणजे एक टप्पा. तुझी लेक मात्र आजवर जगली आहे बत्तीस महिने, आणि तुमचे तिथले उरलेत बावीसेक. म्हणजे आजवरच्या आयुष्याच्या दोन तृतीयांश इतका काळ. एवढा काळ तिला वडिलांशिवाय ठेवायचं, की तिथं तिचं घर नीट मांडून द्यायचं, असा हा प्रश्न आहे. तो असा मांडला की उत्तर बदलतं. चिंचवडचं घर तिच्यापासून सुटलं त्याला तीन महिने होताहेत. आता कुठे म्युनिकची गल्ली, लिफ्ट, ट्राम तिच्या ओळखीची होते आहे. तेवढ्यात पुन्हा उचललंस तर ती दुसऱ्यांदा मुळापासून हलेल, आणि या वेळी बाबा मागं राहील.

पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की यातली अर्धी दुखणी लेकीची आहेतच, पण उरलेली अर्धी तुझी आहेत, आणि ती तू तिच्या नावावर लिहिली आहेस. तू नोकरी सोडलीस. कुटुंब सुटलं. दिवसभर मोठ्या माणसाशी बोलायला कुणी नाही. आधी तिच्याबद्दल लिहिते, मग तुझ्याकडे येते.

किटातलं रडणं. रुळवण्याच्या या काळाला तिथं आइनगेव्योनुंग म्हणतात आणि ते लोक तो फार गांभीर्यानं घेतात. बहुतेक ठिकाणी बर्लिन किंवा म्युनिक या नावानं ओळखली जाणारी पद्धत असते. बर्लिनच्या पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गातच बसतात आणि मुलाला सोडून जायचा प्रयत्नही करत नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटं बाहेर जायचं, आणि तो दिवस सोमवार नको, कारण शनिवार-रविवार घरी काढून आलेल्या मुलाला सोमवार जड जातो. सोडून गेल्यावर मूल किती लवकर शांत होतं, हे पाहून पुढचं ठरतं. ज्यांना वेळ लागतो त्यांच्यासाठी ही पद्धत आणखी सावकाश चालवतात. म्हणजे तुला परत बोलावतात, ते तुझी मुलगी नापास झाली म्हणून नव्हे. मुलाला रडत ठेवून सवय लावायची नाही, असाच त्यांचा दंडक आहे. तिसऱ्या आठवड्यात रडणारी मुलं प्रत्येक किटात असतात, आणि तुझी तर जिथली भाषाच कळत नाही अशा ठिकाणी आहे.

दोन गोष्टी मात्र लगेच बदल. एक म्हणजे निरोप. चोरून निघून जाऊ नकोस, आणि दारात दहा मिनिटं समजूतही घालू नकोस. रोज तेच वाक्य, तोच पापा, आणि "खाऊ झाला की आई येते" असं तिला समजेल अशा खुणेनं सांग. घड्याळ तिला कळत नाही, पण खाण्यानंतर काय होतं हे कळतं. आणि सांगितलं त्याच वेळी परत ये. आजीच्या साडीचा मऊ तुकडा किंवा तिची गोधडी तिच्यासोबत दे. किटावाले अशी वस्तू आनंदानं ठेवून घेतात.

दुसरं म्हणजे तिला किटात सोडायचं काम काही दिवस बाबानं करावं. ज्याच्याशी मूल सगळ्यात घट्ट बांधलेलं असतं, त्याच्यापासून सुटणं त्याला सगळ्यात अवघड जातं. बाबाच्या हातून ती कदाचित लवकर आत जाईल. शिवाय तिच्या नव्या जगात बाबाचं पाऊल पडेल, ते आत्ता फक्त रात्री आठला पडतंय.

"त्याला जमणार नाही" असं तू म्हणशील. इथं मी जरा ठामपणे बोलते. जर्मनीत कायद्यानं कामाचा दिवस आठ तासांचा आहे. तो दहापर्यंत वाढवता येतो, तोही पुढच्या महिन्यांत सरासरी आठवर आणायच्या अटीवर. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तास विश्रांती द्यावी लागते. परदेशी कंपनीनं पाठवलेल्या माणसालाही हे लागू होतं. सकाळी सहाच्या कॉलनं ज्याचा दिवस सुरू होतो, त्याचा दिवस दुपारी तीन-चारला संपायला हवा. त्याचे जर्मन सहकारी मुलांना आणायला चारला उठून जातात, आणि तिथं कुणी त्याकडे वळूनही पाहत नाही. आपल्याकडून गेलेली मुलं मात्र पुण्याच्या वेळेनं सुरू करतात आणि म्युनिकच्या वेळेनं संपवतात, दोन्हीकडे आपण दिसलो पाहिजे म्हणून. त्याची ओढाताण मला कळते. पण त्याची किंमत घरात तुम्ही दोघी मोजताय. मॅनेजरशी बोलून आठवड्यातले दोन दिवस तरी त्यानं चारला निघावं, आणि महिनाभर किटाची सकाळ आपल्याकडे घ्यावी. हे मागायला त्यानं लाजू नये.

आता शू. घर बदललं, देश बदलला, माणसं गेली की शिकलेली एखादी गोष्ट मुलाच्या हातून काही काळ सुटते. रागवू नकोस, दिवसा पुन्हा लंगोट घातलास तरी चालेल. किटात दोन जोड कपडे जास्तीचे ठेव. लघवी करताना दुखत असेल किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव, कारण मग ते मनाचं दुखणं नसेल.

बोलण्याबद्दल. नव्या भाषेत टाकलेली लहान मुलं बरेचदा काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहून ऐकत असतात. आतून ती गोळा करत असतात, आणि मग एके दिवशी खेळता खेळता शब्द बाहेर येतात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं ही समजूत चुकीची आहे. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द आले तर तोही गोंधळ नसतो, दोन भाषांत वाढणारी सगळी मुलं तसं बोलतात. तू पाहायचं ते इतकंच, की घरी मराठीत ती पूर्वीसारखी बोलते का. "आजीकडे जायचं, आत्ता जायचं" असं ती सांगत असेल तर भाषा शाबूत आहे. घरीही बोलणं थांबलं, असलेले शब्द गळायला लागले, हाक मारल्यावर वळून पाहणं कमी झालं, तर वाट पाहू नकोस, डॉक्टरांना दाखव.

आणि घरी इंग्रजी? मुळीच नको. तिचा सगळा राग, सगळी भीती, सगळे हट्ट मराठीत आहेत. किटात सकाळभर तिला काही सांगता येत नाही. घरीही तिची भाषा काढून घेतलीत तर तिनं बोलायचं कुठे? जर्मन किटा शिकवील. इंग्रजी पुण्याला परतल्यावर आपोआप गळ्यात पडणार आहे. मराठी तिला तिथं देऊ शकाल असे तुम्ही दोघंच आहात. भरपूर बोला, गोष्टी सांगा, भाजी चिरताना बडबड करा. नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला दे.

जर्मनीत मुलांच्या ठरलेल्या वयात ठरलेल्या तपासण्या होतात आणि त्यांची नोंद पिवळ्या वहीत होते. यू-सेव्हन-ए नावाची तपासणी ३४ ते ३६ महिन्यांत असते, म्हणजे तुझ्या लेकीची जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येते आहे. त्यात दृष्टी, वाढ आणि बोलणं पाहतात. बालरोगतज्ज्ञांकडे वेळ मिळायला आठवडे लागतात, तेव्हा फोन याच आठवड्यात कर. जाताना पुण्यातलं लसीकरणाचं कार्ड आणि ती मराठीत काय काय बोलते याची यादी घेऊन जा. गोवराच्या लसीचा पुरावा तू किटात दिला असशीलच, २०२० पासून त्याशिवाय प्रवेशच देत नाहीत.

हिवाळ्यात ती सारखी आजारी पडेल, हे आधीच सांगून ठेवते. किटाच्या पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-खोकला ही नेहमीची गोष्ट आहे. तिथले डॉक्टर साध्या तापाला अँटिबायोटिक देत नाहीत, "पाणी पाजा, झोपू द्या" म्हणून घरी पाठवतात. आपल्याला वाटतं, यांनी पाहिलंच नाही. पण विषाणूच्या तापावर तसंही अँटिबायोटिक चालत नाही. रात्री-बेरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. दोन्ही नंबर फ्रिजवर लाव. सरकारी आरोग्य विम्यात असाल तर मूल आजारी पडल्यावर नोकरी करणाऱ्या पालकाला वर्षाला काही दिवस रजा आणि पगाराचा मोठा भाग मिळतो. तुमचा विमा कोणता आणि त्यात हे बसतं का, हे नवऱ्यानं ऑफिसात विचारावं. एक बारीकशी गोष्ट राहिली. तुम्ही शाकाहारी असाल तर किटात नुसतं "मांस नको" असं सांगून भागत नाही. वाढदिवसाला वाटतात त्या रंगीत अस्वलांच्या गोळ्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं, तेही वेगळं सांगावं लागतं.

जाऊबाईंच्या मुलाच्या एबीसीडीवर मी एवढंच म्हणेन: पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि तुझ्या लेकीला अजून तीन वर्षांहून जास्त अवकाश आहे. जर्मन किटात अक्षरं शिकवत नाहीत. स्वतःचे बूट घालणं, ताट उचलून ठेवणं, चिखलात तास घालवणं, "मला हे नको" असं सांगणं हे शिकवतात. हे घेऊन ती परत येईल आणि एबीसीडी चार महिन्यांत उरकेल.

चिठ्ठीची गोष्ट तू मनाला फार लावून घेतलीयस. लेकीला घेऊन दुपारी खाली जा, हातात घरी केलेलं काहीतरी गोड असू दे, आणि मोडक्या जर्मनमध्ये सांग की आम्ही नवीन आहोत, मुलगी पळते, गालिचा घालतो आहोत. खेळायच्या खोलीत जाड गालिचा खरंच घाल. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते, त्या वेळात मिक्सर आणि वॉशिंग मशीन नको. दुपारच्या शांततेची वेळही तुमच्या इमारतीच्या नियमांत आहे का ते वाच. याउपर लहान मुलाच्या साध्या खेळण्या-रडण्याचा आवाज शेजाऱ्यांनी सोसावा, असाच तिथल्या न्यायालयांचा साधारण कल आहे, आणि किटा-मैदानांवरच्या मुलांच्या आवाजाला तर २०११ पासून कायद्याचंच संरक्षण आहे. तेव्हा लेकीला दिवसभर "हळू, हळू" करत राहू नकोस. त्या आजी एकट्या राहत असतील तर ओळख झाल्यावर चिठ्ठी टाकणार नाहीत, दार वाजवून सांगतील. ते केव्हाही बरं.

आता तुझ्याकडे येते.

सासूबाई म्हणतात, तू घरीच असतेस तर किटा कशाला. त्यांना हे प्रेमानं पण एकदाच सांग, आणि नवऱ्यानं सांगितलं तर अधिक चांगलं: चिंचवडला नात पाच माणसांत वाढत होती, इथं एका माणसात वाढते आहे. ती उणीव एकटी आई भरून काढू शकत नाही. तिथं जे काका-काकूंनी आणि चुलतभावानं दिलं, ते इथं किटा देणार आहे. आणि तू नोकरी करत नसलीस तरी सकाळचे चार तास तुझे असण्यात काही गैर नाही. ते तास घरकामात घालवू नकोस. म्युनिकच्या फोक्सहोखशूलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रौढशिक्षण केंद्रात, जर्मनचे वर्ग असतात, सकाळचा एखादा शोध. किटातल्या बाईंशी, डॉक्टरांशी, खालच्या आजींशी तुझं तू बोलायला लागलीस की तुझी निम्मी भीती जाईल, आणि तुझी भीती गेलेली लेकीला सगळ्यात आधी कळेल. नवऱ्याबरोबर कुटुंब म्हणून आलेल्या पत्नीला जर्मनीत काम करायची परवानगी असते. तुझ्या परवान्यावर काय लिहिलंय ते बघ. पुढच्या वर्षी अर्धवेळ काही मिळालं तर दोन वर्षं रिकामी गेली असं वाटणार नाही.

अंधार खरा आहे. डिसेंबरात म्युनिकला सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि सव्वाचार-साडेचारला मावळतं. वर्षभर सहा-सातच्या सुमारास दिवेलागण पाहणाऱ्या माणसाला हे मानवत नाही. त्यावर तिथले लोक करतात तेच कर: उजेड असेतो बाहेर. पाऊस असो, थंडी असो. लेकीला चिखलाची रबरी पँट आणि गरम बूट घे, मुलांच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात स्वस्त मिळतात. सहा वर्षांखालच्या मुलाला ट्राम-बसला तिकीट नाही. इंग्लिशर गार्टनसारखी मोठी बाग आहे, इझार नदीचा काठ आहे, आणि जवळपास प्रत्येक वस्तीत वाळूचं मैदान आहे. एकाच मैदानावर, एकाच वेळी, रोज जा. आज इथं, उद्या तिथं असं केलंस तर चेहरे ओळखीचे होत नाहीत. पंधरा दिवस तोच बाक धरलास की शेजारच्या बाकावरची आई बोलायला लागते. जर्मन माणूस बोलायला वेळ घेतो, पण एकदा बोलला की सोडत नाही. म्युनिकमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, तिथं जाच. पण फक्त तिथंच जाऊ नकोस, कारण आठवड्याच्या मधल्या दिवसांत, मूल तापानं फणफणलं असताना दूध आणून देणारं माणूस तुझ्या इमारतीतलं किंवा किटातलंच असेल.

आजीशी कॉलची वेळ बदल. हिवाळ्यात पुणं साडेचार तास पुढं असतं. संध्याकाळी तुझी लेक दमलेली असते आणि तिकडे आजी झोपायला टेकलेली, म्हणून दोघींची चिडचिड होते. तुझे दुपारचे दोन म्हणजे चिंचवडचे साडेसहा, देवापाशी दिवा लावायची वेळ. आजीनं तेव्हा फोन देव्हाऱ्यासमोर ठेवावा, शुभंकरोति म्हणावं, आणि नातीनं इकडे हात जोडावेत. "काय जेवलीस, मला ओळखलंस का" असे प्रश्न या वयाच्या मुलाला व्हिडिओवर झेपत नाहीत. आजी मटार सोलत असेल, पोळ्या लाटत असेल तर ते तिला तासभर बघवेल. दहा मिनिटं पुरे. पण रोज.

आणि आता जे सगळ्यात गंभीरपणे सांगायचं आहे ते. तुझं रडणं दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोजचं असेल, झोप लागत नसेल, खाण्यावरची वासना गेली असेल, लेकीकडे बघूनही काही वाटेनासं झालं असेल, तर तो घरच्या आठवणीचा प्रकार राहिलेला नाही. आपल्या हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि हे जसंच्या तसं सांग. म्युनिकमध्ये इंग्रजी बोलणारे डॉक्टर मिळतात. नवऱ्यालाही सांग, त्याला कदाचित हे दिसतही नसेल, कारण तो येतो तेव्हा तू तोंड धुऊन बसलेली असतेस. इलाज करूनही उन्हाळ्यापर्यंत तुझं मन सावरलं नाही, तर परत जाण्याचा विचार मीच तुझ्याबरोबर करेन. पण मग तिघांनी परतायचं, त्यासाठी नवऱ्यानं कंपनीशी बोलायचं. तू एकटीनं माघार घेतल्यासारखं निघायचं नाही.

तोवर चिंचवडलाच तिकडे बोलाव. सासू-सासऱ्यांना शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. निदान ३० हजार युरोंचं आरोग्य संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर नवऱ्याला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र काढावं लागतं, आणि त्याची वेळ मिळायलाच आठवडे जातात. त्यांना आत्ता हिवाळ्यात बोलावू नकोस. अंधारात, बर्फात, भाषा न कळणाऱ्या गावात त्यांचे गुडघे आणि मन दोन्ही आखडेल. मे महिन्यात बोलाव. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, लेक किटात रुळलेली असेल, आणि आजीला हात धरून मैदानावर तीच घेऊन जाईल. व्हिसाचे कागद फेब्रुवारीत सुरू करा.